चोरबाजारातला हिरवा दगड

शुक्रवारी चोरबाजार गाठायचा तर उजाडायच्या आत पोचावं लागतं. मटन स्ट्रीटची दुकानं त्या दिवशी बंद आणि रस्त्यावर जुना बाजार. डोंबिवलीहून पहाटेची स्लो लोकल धरली, सोबत अकरावी सायन्सची भाची. सँडहर्स्ट रोडहून चालत पोचलो तेव्हा लोक मोबाइलच्या उजेडात बुटांचे जोड जुळवत होते.

मी दगड जमवतो. बायकोच्या मते फक्त धूळ जमवतो. मुंबईत या नादाची चंगळ होती एके काळी. आपला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढतात. कांदिवलीच्या दगडखाणीतला हिरवट प्रेहनाइट तर परदेशी संग्राहकांनाही ठाऊक आहे. फ्लोराइट हा स्फटिक मात्र इथला नव्हे. नाशिककडे महोदरीला त्याचे मधाच्या रंगाचे गोळे सापडले, गुजरातेत आंबाडोंगरला तर खाणच आहे. मुंबईत तो येतो तो पाहुणा म्हणून.

तसा एक पाहुणा त्या दिवशी ताडपत्रीवर होता. पितळी नळ, कॅमेऱ्याची भिंगं आणि बिनकाट्यांच्या घड्याळांमध्ये मुठीएवढा हिरवा दगड.

"कच्चा पन्ना है साहब. बारा सौ."

पन्ना सहा बाजूंच्या खांबासारखा वाढतो. इथे तर बर्फीच्या वड्या एकमेकींत रुतून बसल्यासारखे घन. कडा हिरव्या, पोटात जांभळट पट्टा.

"मामा, मशीनने कापलेत ना हे?"

"नाही गं, असाच वाढतो तो. कॅल्शियम फ्लोराइड."

"टूथपेस्टवालं?"

"त्याच घराण्यातलं."

खिशातल्या चाकूचं टोक मागच्या बाजूला हळूच ओढलं. पांढरा ओरखडा. पन्न्यावर चाकू चालत नाही. फ्लोराइटचा कठीणपणा दहापैकी चार. विकणाऱ्या चाचांनी ते पाहिलं आणि पन्ना हा शब्द पुन्हा काढला नाही.

शेजारच्या गाळ्यावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च होती, ती मागून घेतली. चाचांनी दगडावर चादरीचा आडोसा धरला. टॉर्च पडली आणि हिरवा रंग गेलाच. आतून निळं काहीतरी पेटलं, गॅसच्या मंद आचेसारखं. चाचा स्वतःच वाकले. "अरे, ये तो नोट जैसा चमकता है!" सगळा फ्लोराइट असा चमकत नाही, हा चमकला. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 साली या चमकेला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं, ते याच दगडावरून. भाचीने पाचशेची नोट काढून शेजारी धरली. दोन्ही चमकले.

साडेचारशेला सौदा झाला. "माल कहाँ का है?" या प्रश्नाला उत्तर आलं, "घर खाली किया किसी ने." इथे मी हळहळतो. खाणीचं नाव नसलेला नमुना म्हणजे पत्ता फाटलेलं पाकीट. सुंदर असेल, पण कपाटात चिठ्ठीवर लिहायचं काय?

परतताना स्टेशनच्या जिन्यावर कुणाची तरी बॅग माझ्या पिशवीवर आदळली. टक् असा बारीक आवाज. वर्तमानपत्र उलगडलं तर एका घनाचा कोपरा उडालेला. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो ते भाचीने ऐकलं नाही, असं मी समजतो.

ती मात्र कोपऱ्याकडे पाहत होती. जिथून तुकडा गेला तिथे खडबडीत काही नाही, काचेसारखा सपाट त्रिकोण. फ्लोराइट वाढतो घनात, पण चार ठरलेल्या दिशांनीच सोलला जातो. भूगर्भवाले याला पाटन म्हणतात. सगळे आठ कोपरे नीट उडवले तर घनातून दोन पिरॅमिड पायाशी जोडल्यासारखा अष्टफलक निघतो.

"मग बाकीचे सात मी उडवू?"

"हात लावून बघ फक्त."

घाटकोपरपर्यंत तो तुकडा तिच्या कंपासपेटीत गेला होता. मी परत मागितला. तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "मामा, ती टॉर्च केवढ्याला मिळते?"