पोर्टलंड: नावांच्या विटांचं पटांगण

गाडीतून उतरले तेव्हा पाऊस थांबून पाचच मिनिटं झाली असतील. पायाखालच्या विटा ओल्या होत्या, आणि ओल्या असल्यामुळेच त्यांच्यावरची नावं उठून दिसत होती. खाली कुणाचं तरी नाव आहे हे कळलं की पाऊल टाकायला मन कचरतं. मी बाजूला सरकले, तर तिथंही नाव. चहूकडे नावंच नावं.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा हा पायोनियर कोर्टहाउस स्क्वेअर. शहराच्या अगदी मधोमध, २०० फूट लांब आणि तेवढाच रुंद असा चार रस्त्यांमधला एक अख्खा ब्लॉक मोकळा सोडलेला. तीन बाजूंनी मॅक्स, म्हणजे शहरातल्या शहरात धावणारी हलकी रेल्वे जाते, समोर १८७५ सालची कोर्टाची दगडी इमारत. जमीन उताराची आहे, आणि तो उतार सपाट न करता त्याच्या अर्धगोल पायऱ्या केल्यात. त्यामुळे कुठंही टेकलात तरी समोर काहीतरी घडताना दिसतं. लोक याला शहराचा दिवाणखाना म्हणतात.

मी बसायला कोरडी पायरी शोधत होते. एक माणूस पुठ्ठा अंथरून बसला होता. शेजारी त्याच्या सगळ्या संसाराची पिशवी. माझी शोधाशोध बघून त्यानं पुठ्ठा फाडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला. आम्ही अर्धा तास शेजारी बसलो, फारसं न बोलता. त्याच्याबद्दल मुद्दाम लिहितेय, कारण ही जागा होऊ नये असं ज्यांना वाटत होतं त्यांची भीती नेमकी अशाच माणसांची होती.

या ब्लॉकनं बरेच जन्म पाहिलेत. आधी इथं शाळा होती. मग रेल्वेवाले हेन्री व्हिलार्ड यांनी भव्य हॉटेल बांधायला घेतलं. पाया झाला आणि त्यांचं दिवाळं निघालं. काम अर्ध्यावर पडून राहिलं. शेवटी गावातल्याच लोकांनी पैसा उभा केला आणि १८९० साली पोर्टलंड हॉटेल उघडलं. साठेक वर्षं ते शहराची शान होतं. १९५१ मध्ये ते पाडलं, आणि त्या जागी आला वाहनतळ. शहराच्या ऐन हृदयात गाड्या उभ्या करायची जागा! समोरच्या माइयर अँड फ्रँक या मोठ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची सोय झाली, बाकीच्यांना तिथं थांबायचं कारणच उरलं नाही.

पुढे त्या दुकानानं तिथं बहुमजली वाहनतळ बांधायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मला विचाराल तर या जागेचा खरा जन्म त्या नकारात आहे. एकदा का ते मजले चढले असते, की पुढची पन्नास वर्षं कुणी त्यांना हात लावला नसता. नकार मिळाला म्हणून १९७२ च्या शहर आराखड्यात इथं चौक दाखवता आला, म्हणून पुढं शहराला जमीन घेता आली, म्हणून १९८० मध्ये आराखड्यांची स्पर्धा घेता आली. १६२ आराखडे आले. निवडला गेला स्थानिक वास्तुरचनाकार विलार्ड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा.

आणि तिथंच गाडं अडलं. महापौर फ्रँक आयव्हन्सी आणि मध्यवस्तीतल्या बऱ्याच व्यापाऱ्यांना हा आराखडा नको होता. उघडी जागा म्हणजे रिकामटेकडे येऊन बसणार, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा बंदिस्त, छपराखालचं काहीतरी करा, म्हणजे कोण आत येतंय यावर लक्ष ठेवता येईल. त्यांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. दुकान चालवणाऱ्याला दारासमोर काय चाललंय याचा विचार करावाच लागतो. पण ज्या जागेला दार असतं तिला दरवानही असतो, आणि दरवानानं पुठ्ठेवाल्याला आत सोडलं नसतं.

पैसा अडला तेव्हा लोकांनी विटा विकायला काढल्या. एका विटेला १५ डॉलर, वर तुमचं नाव. पन्नास हजारांच्या आसपास विटा खपल्या. पैसा तर जमलाच, पण त्याहून मोठी गोष्ट झाली: हजारो घरांची नावं तयार असताना काम बंद पाडायचं कुणी? ६ एप्रिल १९८४ रोजी पटांगण खुलं झालं.

कोर्टाच्या बाजूला जुन्या हॉटेलचं लोखंडी फाटक अजून उभं आहे. मागं हॉटेल नाही, नुसतं आकाश. घडीव लोखंडाच्या वेलबुट्टीवर पावसाचे थेंब लोंबत होते. मी त्या फाटकातून उगाचच दोनदा आत-बाहेर केलं.

बाराला पाच कमी असताना लोक एका उंच खांबाभोवती गोळा झाले. हे हवामानाचं यंत्र, १९८८ मध्ये बसवलेलं. ठीक बारा वाजता तुताऱ्या वाजल्या, धुक्यासारखे तुषार उडाले, आणि वरच्या गोळ्यातून पुढच्या चोवीस तासांतल्या हवेची खूण वर आली. ऊन असेल तर सूर्य, वादळ असेल तर ड्रॅगन. आमच्या वाट्याला निळा बगळा आला, म्हणजे ढगाळ, रिमझिम. पुठ्ठेवाल्यानं मान हलवली आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

गर्दी पांगली. एक चार-पाच वर्षांची मुलगी मात्र जमिनीवर उकिडवी बसून होती. विटेवरच्या खोलगट अक्षरांतून बोट फिरवत एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची. ‘ओ’च्या पोटात शेवाळ साचलं होतं, ते तिनं नखानं काढलं, बोट फ्रॉकला पुसलं आणि परत वाचलं. वडील शेजारी पाय मुडपून बसले होते, घाई न करता. नाव पुरं झालं. ती बसल्या बसल्याच बेडकासारखी सरकली आणि पुढच्या विटेवर बोट ठेवलं.