ध्रुवप्रकाशाचा फोटो: अंदाज वाचण्यापासून शटर दाबेपर्यंत

नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९.६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्याच्या जवळजवळ खालीच आहे. इथे कॅमेरा घेऊन येणाऱ्याची पहिली गफलत केपी या, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणाऱ्या आकड्यापाशी होते. माझीही तिथेच झाली. केपी शून्य ते नऊ असतो. पाच झाला की जी १ म्हणजे सर्वांत सौम्य दर्जाचं चुंबकीय वादळ, नऊ झाला की जी ५, म्हणजे सर्वांत तीव्र. पण हा आकडा तीन तासांचा आणि अख्ख्या पृथ्वीचा. पट्टा दक्षिणेला किती सरकेल याची कल्पना तो देतो. माझ्या डोक्यावर रात्री साडेदहाला काय असेल, ते सांगत नाही. ट्रॉम्सोत केपी २ असतानाही आकाशभर पडदे हलतात, आणि मोठ्या वादळात पट्टा इतका खाली उतरतो की लेन्स दक्षिणेकडे वळवावी लागते.

म्हणून मी अंदाज तीन टप्प्यांत वाचते.

पहिला टप्पा तारखा ठरवण्याचा. सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या विरळ, काळपट दिसणाऱ्या भागातून, म्हणजे कोरोनल होलमधून, वेगवान सौरवारा (विद्युतभारित कणांचा प्रवाह) निघतो आणि पृथ्वीवरून पाहता सूर्य साधारण २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. मागच्या फेरीत चांगली रात्र देऊन गेलेलं होल टिकून असेल, तर २७ दिवसांनी पुन्हा आशा धरता येते. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च हे महिने मला सर्वांत भरवशाचे वाटतात, कारण विषुवदिनाच्या आसपास सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जास्त सहज जुळतं. शिवाय अंधार हवा. १० मे २०२४ ला ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं जी ५ वादळ आलं, खूप दक्षिणेकडच्या देशांतही आकाश लाल झालं; ट्रॉम्सोत मात्र तेव्हा रात्र पुरेशी काळोखी होतच नाही.

दुसरा टप्पा दोन-तीन दिवस आधीचा. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या लास्को कोरोनाग्राफमध्ये (सूर्याची तबकडी झाकून भोवतालचं टिपणारा कॅमेरा) सूर्याभोवती सगळ्या बाजूंनी पसरणारं कडं दिसलं आणि स्फोट सूर्याच्या आपल्याकडच्या बाजूला झालेला असला, तर तो द्रव्याचा लोट आपल्याच दिशेने निघालाय असं समजायचं. त्याला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. पोहोचण्याची जी वेळ जाहीर होते, ती सहा-आठ तास सहज चुकते, त्यामुळे मी त्या वेळेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही रात्री मोकळ्या ठेवते. त्याहून मोठी अडचण म्हणजे लोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो जवळ येईपर्यंत खात्रीने कळत नाही. उत्तरेकडे असेल तर गाजावाजा झालेलं वादळही कोरडं जातं.

ते कळतं तिसऱ्या टप्प्यात. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी उभी असलेली यानं सौरवारा मोजतात. तिथला बीझेड, म्हणजे सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, ऋण झाला, म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, की पृथ्वीच्या चुंबकीय ढालीत वाट उघडते. वेग सेकंदाला ४०० किलोमीटर असेल तर तो वारा साधारण ६२ मिनिटांत पोहोचतो, ८०० असेल तर ३१ मिनिटांत. तेवढीच आपली तयारीची वेळ. बीझेड उणे ५ नॅनोटेस्लाच्या खाली अर्धा तास टिकला की मी बाहेर पडते. पाच मिनिटांची बुडी लागून परत वर आला तर नाही. हे सगळे आलेख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, हिवाळ्यात ट्रॉम्सो त्यापुढे एक तास. ही बेरीज विसरलं की गेलेल्या प्रकाशाची वाट बघत बसावं लागतं.

ढगांना आकड्यांशी देणंघेणं नसतं. किनाऱ्यावर ढग असले तरी आत, स्किबोटन गावाच्या बाजूला, डोंगरांच्या आडोशामुळे आकाश बरेचदा मोकळं सापडतं.

आता कॅमेरा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर आधी काढा. हिरवा प्रकाश ऑक्सिजनचा, ५५७.७ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा. तो फिल्टरच्या सपाट काचेत पुढेमागे परावर्तित होतो आणि फोटोच्या मधोमध एकात एक वर्तुळं उमटतात. माझ्या पहिल्या रात्रीच्या सगळ्या फोटोंत ती आहेत, आणि नंतर ती पुसायला बसलं तर आकाशच बिघडतं.

फोकस हाताने: लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा दहापट मोठा करायचा, तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवायची आणि चिकटपट्टी लावून टाकायची. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. अ‍ॅपर्चर एफ २.८ किंवा त्याहून मोठं (म्हणजे आकडा लहान), आयएसओ १६०० ते ३२००, व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विन, फाइल रॉ, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर दहा सेकंदांच्या फोटोमागे आणखी दहा सेकंद कॅमेरा अडकून राहतो.

शटर मात्र रात्रभर बदलत राहायचं. शांत, पसरलेला पट्टा असेल तर ८ ते १५ सेकंद. पडद्याला चुण्या पडून खालची कड गुलाबी झाली, की लगेच १ ते ३ सेकंदांवर यायचं. तेव्हा पंधरा सेकंद ठेवले तर चुण्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा लगदा उरतो. हा भर काही मिनिटांचाच असतो, म्हणून ते डायल अंधारात चाचपून फिरवता यायला हवं. काळोखात कॅमेऱ्याचा पडदा खोटा उजेड दाखवतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघा, आणि त्यातही हिरव्याचा वेगळा, कारण आधी तोच उजव्या कडेबाहेर जाऊन फाटतो.

थंडीत बॅटरी अर्ध्यावर येते, जादाच्या दोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. लेन्सवर दहिवर धरू नये म्हणून हात गरम ठेवायची पुडी रबरबँडने लेन्सभोवती बांधते. परतताना, दाराच्या बाहेरच, कार्ड आणि बॅटरी काढून घ्यायची, कॅमेरा हवाबंद पिशवीत घालायचा आणि ती दोन-तीन तास उघडायची नाही. ओल पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते, आणि कार्ड हातात असल्यामुळे फोटो लगेच बघता येतात.