वाळू कोरडी आहे ना?

आमच्या घरात बोरघाट तीन पिढ्यांचा. आजोबा खेकड्यावर असिस्टंट ड्रायव्हर होते. खेकडा म्हणजे 1928 साली आलेलं, मालगाड्या ओढणारं विजेचं इंजिन. चाकांना जोडलेले त्याचे लांब दांडे गरगर फिरायचे, ते आजोबा हाताने करून दाखवायचे. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक खेकडा जपून ठेवलाय. तिथे नेलं तेव्हा आजोबा त्याच्या बफरवर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे राहिले.

मी बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, असिस्टंट झालो तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "वाळू हाताने बघ. नुसती पेटी भरलेली बघू नकोस."

कर्जत-लोणावळा 28 किलोमीटर, चढ 37 फुटांना 1 फूट. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर लागतात. ओल्या रुळावर चाक घसरायला लागलं की इंजिनाची वाळू चाकापुढे सोडायची. कितीही ताकदीचं इंजिन असो, पकड नसेल तर चाक जागच्या जागी फिरतं.

जुलैतली पहाट होती. कर्जतला टॉर्च घेऊन चारही पेट्या उघडल्या. तीन ठीक. चौथीत हात घातला तर वरची वाळू भुरभुरीत, पण चार बोटं खाली ढेकळं! झाकणातून पाणी झिरपलं होतं. इंजिन चालवणारे आमचे पायलट काका घड्याळाकडे बघत होते, पण नाही म्हणाले नाहीत. ढेकळं उपसून काढली, कोरडी वाळू भरली, पाइपातून सुटते का तेही बघितलं.

ठाकूरवाडीच्या वर लाल सिग्नल मिळाला. गाडी ऐन चढावर उभी. पाऊस असा की पुढचा डबाही धूसर दिसत होता. सिग्नल सुटला, वॉकीटॉकीवर पुढच्यांशी बोलणं झालं, काकांनी करंट वाढवला आणि चाकं घसरली. इंजिन थरथरलं. त्यांनी करंट उतरवला, वाळूचं पेडल दाबलं, पुन्हा हळूहळू चढवला. मी खिडकीतून वाकून खाली बघत होतो. चाकाखाली वाळू भरडल्याचा करकर आवाज आला आणि कडेचा दगड इंचाइंचाने मागे सरकायला लागला. अंगावर काटा आला माझ्या.

लोणावळ्याला बँकर सुटल्यावर घरी फोन लावला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ढेकळं कुठल्या पेटीत होती? डोंगराच्या बाजूच्या की दरीच्या?"