रान माजलेला वाफा मोकळा करताना

इंग्लंडमध्ये साध्या ओळीतल्या घरांनाही मागे बागेचा लांबट पट्टा असतो. आमच्या पट्ट्यात कुंपणालगतचा एक मोठा वाफा वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलाच नव्हता. कमरेएवढं गवत, त्यातून कमानीसारख्या वाकलेल्या ब्रॅम्बलच्या काटेरी फांद्या, कडेला अंगाला लागताच आग पेटवणारी नेटल आणि या सगळ्यांना गुंडाळून बसलेला पांढऱ्या फुलांचा वेल. असा वाफा मोकळा करायचा तर फावड्याआधी हातात कॅलेंडर हवं, हे मला इथे आल्यावर कळलं.

मार्च ते ऑगस्ट हा इथल्या पक्ष्यांचा घरटी करण्याचा मुख्य काळ. पक्षी वापरत असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा 1981च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि काटेरी झुडूप म्हणजे लहान पक्ष्यांची सुरक्षित जागा. म्हणून झुडपं छाटायची ती हिवाळ्यात. त्यातही पानांचा जुना ढीग उचलण्याआधी हाताने हळूच चाचपून बघावा. आत हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला छोटा प्राणी, हिवाळी झोपेत असू शकतो.

पण हिवाळ्यात जमीन खणायची घाई मात्र करू नये. नव्या बागेत खाली काय दडलंय ते तेव्हा दिसतच नाही. मी वरचं सगळं जमिनीलगत कापलं आणि माती तशीच सोडली. फेब्रुवारीत स्नोड्रॉप वर आले, मार्चमध्ये डॅफोडिल. कुणीतरी कधीकाळी प्रेमाने लावलेले ते कंद गवताखाली तग धरून होते. प्रत्येक झुबक्याशेजारी मी एक काडी रोवली, म्हणजे पुढे खणताना कंद तुटणार नाहीत. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. नवं सुरू करायचं म्हणून जुनं सरसकट उपटलं असतं, तर ही फुलं मी कधी पाहिलीच नसती.

खरी झुंज मुळांशी. इथलं काउच गवत हराळीच्याच वळणाचं: मातीखाली पांढऱ्या टोकदार दोऱ्या पसरतात आणि पेरापेरातून फुटतात. ग्राउंड एल्डर ही दुसरी तणवनस्पती रोमन लोकांनी या देशात आणली असं मानतात. तिची मुळं ठिसूळ, ओढली की तुटतात. आणि तो पांढऱ्या फुलांचा वेल, बाइंडवीड, सर्वांत चिवट. त्याची मुळं खूप खोल जातात, आणि मातीत राहिलेल्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यातूनही नवा वेल उभा राहतो. त्यामुळे अशा वाफ्यात माती भुसभुशीत करणारं यंत्र फिरवू नये. ते एका मुळाचे शंभर तुकडे करतं आणि सगळीकडे पेरून ठेवतं. फावड्याची धारही तेच करते. चार दात्यांचा गार्डन फोर्क घ्यावा, पाऊस पडून गेल्यावर माती ओलसर असताना ढेकूळ उचलावं, हाताने फोडावं आणि मूळ टोकापर्यंत सोडवून घ्यावं. गुडघ्याखाली जाड गादी घेऊन बसलं की या कामात मन अगदी रमून जातं. एका वेळी हातभर पट्टा पुरे.

मुळं निघाली तरी बिया राहतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली तणांच्या बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. त्यांतली एक बाटली 2021 मध्ये उकरली, तेव्हा 142 वर्षांनंतरही काही बिया रुजल्या! अनेक तणांच्या बियांना रुजायला उजेडाचा इशारा लागतो, आणि माती उलथली की तोच त्यांना मिळतो. म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर मी लगेच साधा पुठ्ठा अंथरला, चिकटपट्ट्या काढून, पाण्याने भिजवून, आणि वर वीतभर कंपोस्ट. पुठ्ठा हळूहळू कुजतो, आणि खालची माती न उलथता त्यावर रोपं लावता येतात.

काढलेली मुळं थेट कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत, ती तिथेही जगतात. मी ती झाकणाच्या बादलीत पाण्याखाली बुडवून पूर्ण सडू देते. वास भयंकर येतो, पण मग ती फुटत नाहीत. बांबूसारखे पोकळ, लालसर ठिपक्यांचे दांडे दिसले तर मात्र हात लावण्याआधी थांबावं. ती जपानी नॉटवीड ही झपाट्याने पसरणारी तणवनस्पती असू शकते. ती रानात पसरवणं इथे गुन्हा आहे, आणि तिचा कचरा घरच्या बागकचऱ्याच्या डब्यात टाकायचा नसतो.

कोपऱ्यातली नेटल मी थोडी राखली आहे. पीकॉक आणि स्मॉल टॉर्टॉइजशेल या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावरच वाढतात. फक्त बी धरण्याआधी तिचे शेंडे छाटते.

वाफ्याच्या मोकळ्या भागात आता लॅव्हेंडर आणि फॉक्सग्लव्ह ही फुलझाडं लावली आहेत. बाइंडवीडचा एखादा कोंब अजून डोकं काढतो. दिसला की लगेच खुडते, कारण पानं मिळाली नाहीत तर खालचं मूळ हळूहळू थकतं. उरलेला भाग काळ्या जाड कापडाखाली झाकून ठेवला आहे. तिथल्या काउच गवताला पूर्ण वर्षभर उजेड मिळू द्यायचा नाही, आणि मग पुन्हा फोर्क घेऊन बसायचं.