गरिज्जीमवरची रात्र आणि काकूंच्या ताटातले हाड

नगरच्या आमच्या चर्चमध्ये ‘वल्हांडणाचा यज्ञपशू’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. वल्हांडण म्हणजे इस्राएल लोक मिसरातून सुटले त्याची आठवण करणारा सण. प्रभुभोजनाच्या दिवशी ते कानावर पडले नाहीत असे क्वचितच झाले असेल. मात्र ते ऐकताना डोळ्यांसमोर काही येत नसे. नखाएवढा पावाचा तुकडा, चमचाभर द्राक्षरस आणि घरी गेल्यावर जेवण, एवढाच तो अनुभव होता. म्हणून मुलगा संशोधनासाठी इस्राएलात रेहोवोतला गेला आणि आम्ही तीन महिने त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा शोमरोनी (समॅरिटन) लोकांचा वल्हांडण पाहायचा हे मी निघण्यापूर्वीच ठरवून ठेवले होते.

शोमरोनी आज जेमतेम 800 च्या वर आहेत. त्यांतले निम्मे तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये राहतात आणि निम्मे नाब्लुसच्या, म्हणजे बायबलमधल्या शखेमच्या, माथ्यावर असलेल्या गरिज्जीम डोंगरावर. बायबलच्या सुरुवातीची मोशेची पाच पुस्तके तेवढी ते मानतात आणि देवाने निवडलेले स्थान यरुशलेम नसून हाच डोंगर आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. इथले त्यांचे मंदिर हसमोनी घराण्यातला ज्यू शासक योहान हिर्कानस याने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडले. यरुशलेमचे मंदिर रोमनांनी इसवी सन 70 मध्ये जाळले आणि ज्यूंचे पशुयज्ञ तिथेच थांबले; शोमरोन्यांचा वल्हांडणाचा यज्ञ मात्र मंदिराविनाही चालू राहिला.

त्यांचे पंचांग वेगळे असल्यामुळे त्या वर्षी त्यांचा सण ज्यूंच्या सणानंतर तब्बल महिन्याने आला, आणि ते माझ्या पथ्यावर पडले. आधीच्या महिन्यात लोदमधल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबाने आम्हाला सेदेरला, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणाला, बोलावले होते. घरातल्या काकू मूळच्या अलिबागकडच्या. पेसाहला, म्हणजे वल्हांडणाला, त्यांच्या आजीच्या तोंडी ‘अनशी ढाकायचा सण’ (आंबवणाचे भांडे झाकून ठेवायचा सण) असेच नाव होते, हे त्यांनी दारातच सांगून टाकले. पुण्यात 1874 साली छापलेल्या हिब्रू-मराठी हगादाची, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीची, प्रत त्यांनी जपून ठेवली आहे. तिच्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पिठाची, भाकरी करताना दिसतात. सेदेरच्या ताटात एक भाजलेले हाड होते. भाकरी उचलून दाखवली गेली, कडू भाजी उचलून दाखवली गेली, हाडाला मात्र कोणी हात लावला नाही. मी विचारल्यावर काकू म्हणाल्या, “ते नुसतं आठवणीला ठेवायचं. उचलून ‘हा पेसाह’ म्हटलं, तर मंदिर नसताना बळी वाहिल्यासारखं होतं. आता वाहायचं ते तोंडाने.” दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, ते ‘तोंडाने वाहणे’ म्हणजे काय ते कळले. दोन गोऱ्हे, एक मेंढा, सात कोकरे आणि पापार्पणासाठी एक बकरा ही बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायातली, सणाच्या प्रत्येक दिवसासाठीची यादी तिथे प्रार्थना म्हणून वाचतात. मला आधी ती किराण्याच्या यादीसारखी वाटली, हे कबूल करतो.

महिन्याने मी यरुशलेमच्या दमास्कस दरवाज्यापासून बसने रामल्लाला आणि तिथून ‘सर्व्हिस’ म्हणतात त्या पिवळ्या वडापने नाब्लुसला पोहोचलो. डोंगरावर न्यायला ठरवलेल्या टॅक्सीवाल्याने गर्दीचे कारण सांगून मला निम्म्या चढावर उतरवले आणि भाडे मात्र पूर्ण घेतले. गावाबाहेरच प्रवासी उतरवणारे वडाप ज्याने पाहिले आहे त्याला याचे फारसे वाईट वाटू नये, पण मला वाटले.

यज्ञाचे पटांगण कुंपणाने वेढलेले आहे. आत पांढऱ्या कपड्यांतले पुरुष आणि मुले, काही वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या, आणि हातांनी धरून ठेवलेली चाळीस-पन्नास कोकरे. एका बाजूला जमिनीत खोदलेल्या, पुरुषभर खोल, दगडांनी बांधलेल्या भट्ट्या दुपारपासून पेटवलेल्या होत्या. त्यांच्या तोंडाशी हवा थरथरत होती. सूर्य बुडताना महायाजकाने प्राचीन हिब्रूतून बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 12 वा अध्याय म्हणायला सुरुवात केली आणि संधिप्रकाशात सर्व मंडळीने कोकरू कापावे या वचनाशी येताच सगळ्या सुऱ्या एकदम चालल्या. क्षणभरच, कारण लगेच आरोळी उठली, माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली, आणि माझ्यासमोरच्या एका बापाने रक्ताचे बोट मुलाच्या कपाळाला लावले. त्या पोराने ते पुसण्यासाठी हात वर नेला आणि आजोबांकडे पाहून तसाच खाली आणला.

मारणे म्हणजेच यज्ञ, असे आपण धरून चालतो. पण ते मिनिटाभरात संपले आणि खरे काम त्यानंतर कितीतरी तास चालले. प्रत्येक कोकरू साफ करायचे, त्यात दोष नाही ना ते पाहायचे, मांडीची शीर काढायची, चरबी वेगळी करून अग्नीत जाळायची, मीठ लावायचे, आणि एकही हाड न मोडता ते अख्खे लांब लाकडी दांड्यावर चढवायचे. मग एका इशाऱ्यासरशी सगळे दांडे भट्ट्यांत उभे उतरले. वर जाळी, जाळीवर झुडपांच्या फांद्या, फांद्यांवर ओला चिखल. कुठे धूर निसटला की कोणी तरी धावत जाऊन तिथे चिखलाचा गोळा थापत असे.

मध्यरात्रीपर्यंत वाट पाहताना मी खिशातल्या मराठी बायबलात तोच अध्याय पुन्हा वाचला. कुटुंब लहान असेल तर शेजाऱ्याला घ्या. प्रत्येकाच्या खाण्याच्या मानाने कोकरू धरा. सकाळपर्यंत काही उरू देऊ नका, उरले तर जाळा. वल्हांडणाच्या अर्पणाचे माप खाणाऱ्यांच्या संख्येवर ठरते, हे इतकी वर्षे मला दिसलेच नव्हते. आमच्या उपदेशांत सगळा भर रक्तावर असतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरच्या येशूचे हाड मोडले नाही ते या अध्यायाशी जोडलेलेही असते. पण शेजाऱ्याला मोजून घेण्याच्या वचनावर उपदेश ऐकल्याचे मला आठवत नाही. काकूंच्या सिनेगॉगमधली यादीही तेव्हा वेगळी ऐकू येऊ लागली. अर्पण उरले नसले तरी त्याचा हिशेब रोज मोठ्याने वाचणारी माणसे आपण कोणाचे, किती देणे लागतो हे विसरायला तयार नसतात. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री येशूला उपासना ‘या डोंगरावर’ करायची की यरुशलेमात असे विचारते, तो डोंगर हाच. तिच्या प्रश्नावर मी बायबल वर्गात सफाईने बोललो आहे. इथे चिखलाने माखलेल्या त्या माणसांसमोर बसून मला तेवढ्या सफाईने बोलता आले नसते.

मध्यरात्री चिखलाची झाकणे फुटली, वाफेचा लोट उठला आणि काळसर झालेली कोकरी दांड्यांसकट बाहेर आली. परातींत मांस काढून घरोघरचे लोक अक्षरशः पळत सुटले, कारण घाईघाईने खावे अशी आज्ञा आहे. परक्याने त्यातले खाऊ नये अशीही आहे, त्यामुळे आम्ही पाहुणे कुंपणाबाहेर त्या वासात उभे राहिलो. जाता जाता एका तरुणाने कडू पाल्याभोवती गुंडाळलेली भाकर माझ्या हातात दिली. दुकानात मिळते तसली कडक बिस्किटासारखी नव्हे. मऊ, पातळ, तव्याचे डाग पडलेली.

अर्धी भाकर मी रुमालात बांधून लोदला नेली. काकूंनी ती हातात घेऊन उलटसुलट केली, मग आतून ती पुण्याची हगादा आणली आणि लुगडे नेसलेल्या बायकांच्या चित्राशेजारी टेबलावर ठेवली. “आमची आजी अशीच करायची,” त्या म्हणाल्या, “फक्त हिच्यात मीठ जरा जास्त आहे.”