दोन ससे एकत्र ठेवायचे तर आधी ऑपरेशनची तारीख मिळवा (माझा अनुभव)

सगळे विचारतात पिंजरा केवढा घेतला. पिंजऱ्याचं सोडा हो, तो विषय एका दुपारी मिटला, हॉलच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण, खाली जुनी सतरंजी. तळाला जाळी असलेला पिंजरा मात्र घेऊ नका, पायाला जखमा होतात. खरा घोळ झाला आमच्या मादीच्या, भुरीच्या नसबंदीच्या ऑपरेशनचा आणि तो राग अजून गेलेला नाही.

दुकानदाराने दोन्ही फिमेल म्हणून दिलेल्या जोडीतला लाडू नर निघाला. सशाची मादी महिन्याभरात विते आणि व्यायल्यावर लगेच परत गाभण राहू शकते, त्यामुळे कळल्या क्षणी दोघांच्या खोल्या वेगळ्या. लाडूचं ऑपरेशन झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त नर त्यानंतरही महिना-दीड महिना बाप होऊ शकतो, तेव्हा लगेच मादीजवळ सोडायचा नाही.

आता भुरी. घराजवळच्या क्लिनिकने "हो हो, करतो ना" म्हणून तारीख दिली आणि आदल्या दिवशी फोन, रात्रीपासून उपाशी ठेवा. सशाला उपाशी ठेवत नाहीत! उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊ नये म्हणून, आणि सशाला उलटी होतच नाही; उलट पोट रिकामं राहून आतडी थांबली तर ऑपरेशनपेक्षा तोच मोठा धोका. हे मी सांगितलं तर रिसेप्शनवरची म्हणते, "मॅडम, सगळ्याच जनावरांना उपाशी आणतात." म्हटलं डॉक्टरांशी बोलू द्या, तर डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये. नंतर कळलं भुलीच्या गॅसचं मशीन बंद आहे. मग म्हणे सशांचे डॉक्टर फक्त शनिवारी येतात, आणि पुढच्या शनिवारी ते लग्नाला गेलेले. शेवटी काय ऐकवलं, तर "नराचं झालंय ना, मग मादीचं कशाला?"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. कारण ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर खूप होतो, आणि तोवर त्या आपल्या जागेसाठी भांडत राहतात ते वेगळंच. भुरी तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये हात घातला की गुरगुरून अंगावर यायची, मध्येच गळ्याखालचे केस उपटून घरटं करत बसायची, पोटात पिल्लं नसताना. आई साताऱ्याहून फोनवर, "अगं आपल्याकडे बैलांचं करायचे तेव्हासुद्धा एवढे फोन करावे लागत नव्हते."

शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर मिळाले, त्यांनी आपणहून सांगितलं की घास आणि कोथिंबीर सोबत आणा, शुद्धीवर आली की लगेच खाल्लं पाहिजे. मी तिथेच निश्चिंत झाले. तेव्हा फोनवर आधी विचारायचं, सशांची किती ऑपरेशनं केलीत, भूल कसली देता, आणि उपाशी आणायचं का. तिसऱ्याचं उत्तर हो आलं की फोन ठेवायचा.

पुढचं सरळ झालं, म्हणजे वेळ लागला पण डोकं नाही फिरलं. टाके भरून अंगातला माज (हार्मोन्स) उतरेपर्यंत थांबलो, मग शेजारी शेजारी दोन कुंपणं, मध्ये तोंड पोचणार नाही एवढी फट, आणि रोज दोघांच्या ट्रेंची अदलाबदल करायची म्हणजे वासाची सवय होते. भेट बाथरूममध्ये, कारण ती जागा दोघांपैकी कोणाचीच नव्हती. फरशी घसरते, चटई टाका. एकमेकांवर चढणं, थोडा पाठलाग चालतो, पण गोल गोल फिरत केस उडायला लागले की मध्ये जाड टॉवेल, उघडा हात अजिबात नाही, दात खोल जातात. आणि हे एप्रिल-मेमध्ये करू नका, तिशीच्या वर पारा गेला की सशांना तसंही सोसत नाही, आमच्याकडे तेव्हा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. एकमेकांना चाटायला लागले, चिकटून झोपले, मगच रात्रभर एकत्र. घासाचे ढीग मात्र सुरुवातीला दोन ठेवा.

हां, एक राहिलंच. नंतर एकाला डॉक्टरकडे न्यायचं असलं तरी दोघांना न्या, नाहीतर परत आलेल्याला दवाखान्याचा वास येतो आणि घरी थांबलेला त्याला ओळखत नाही, भांडणं पुन्हा पहिल्यापासून. काउंटरवर दोघांची केस पेपर फी मागतात, द्यायची नाही, पेशंट एकच आहे, दुसरा सोबत आलाय म्हणून सांगायचं.