हात हनुवटीपाशी यायला लागलेली वर्षं

नागपुरात मानेवाड्याला आमचा कराटेचा क्लास सुटतो तेव्हा पालक गेटपाशी उभे असतात. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "मॅडम, मुलगी आता बॉक्सिंगलाही जायचं म्हणते. दोन्ही केलं तर एकही धड येणार नाही ना? तुम्ही दोन्ही करता, तुमचं कसं चाललंय?" घाईत मी "पाठवा हो, काही होत नाही" म्हणून मोकळी होते, आणि गाडी सुरू करेपर्यंत ते उत्तर मलाच अपुरं वाटायला लागतं. आज तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

माझं हळू चाललंय. कराटेत मला अठरा वर्षं झाली, बॉक्सिंगला तीन. माझ्यानंतर वर्षभराने आलेली, आधी काहीच न खेळलेली पोरं आज रिंगमध्ये माझ्यापेक्षा मोकळी हालतात. पहिल्या वर्षी ह्याचं फार वाईट वाटायचं. इतकी वर्षं ठोसे मारलेत, म्हणजे नवख्यांच्या चार पावलं पुढूनच सुरुवात होईल, असं मी धरून चालले होते. पण नवख्याला फक्त शिकायचं असतं. मला आधी अंगात मुरलेलं थांबवायचं होतं, मग शिकायचं होतं.

एका हाताचंच सांगते. कराटेत उजवा ठोसा सुटतो त्याच क्षणी डावी मूठ कमरेशी ओढून घ्यायची असते. ह्याला हिकिते म्हणतात. पांढऱ्या बेल्टच्या पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक कातामध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, रांगेतल्या प्रत्येक ठोशात ते असतं. बॉक्सिंगमध्ये न मारणारा हात हनुवटीपाशीच राहतो आणि मारलेला हात गेल्या वाटेनेच सरळ परत येतो. माझा डावा हात मात्र कमरेकडे निघायचा. पूर्ण जायचा नाही, छातीपर्यंतच उतरायचा, पण समोरच्याच्या हुकला, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाला, तेवढी फट पुरते. बॉक्सिंगचे सर पॅड धरून उभे असायचे. हात उतरला की पॅड अलगद माझ्या गालाला टेकवायचे आणि म्हणायचे, "हात कुठं चालला?" रागवायचे नाहीत. पण रोज तोच प्रश्न ऐकून मला घरी जाताना रडू यायचं.

दुसरी खोड थांबण्याची. कराटेच्या कुमितेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, स्वच्छ ठोसा लागला की पंच 'यामे' म्हणतात, दोघं थांबतात, गुण दिला जातो, पुन्हा सुरुवात होते. माझं शरीर हे शिकलेलं : लागला की संपलं. बॉक्सिंगची फेरी तीन मिनिटांची, मध्ये कुणी गुण द्यायला थांबवत नाही. माझा सरळ उजवा लागायचा आणि मी क्षणभर उभीच. सरावाची जोडीदार, बारावीतली पोरगी, एकदा कळवळून म्हणाली, "काऊन थांबून राहिल्या ताई? मी अजून इथंच आहे ना!" बॉक्सिंगसाठी मागची टाच जमिनीवरून उचलायलाही वेळ लागला, पण ते तुलनेने लवकर जमलं.

मग मी एक गोष्ट बदलली. 'मी सुधारतेय का?' हा प्रश्नच स्वतःला विचारायचा नाही असं ठरवलं, कारण त्याला उत्तरच नव्हतं. एका वेळी एकच खोड धरायची. तीन फेऱ्यांत डावा हात किती वेळा खाली आला, एवढंच कुणाला तरी मोजायला सांगायचं आणि वहीत आकडा लिहायचा. आकडा कमी व्हायचा, मग एखाद्या दमलेल्या संध्याकाळी परत वाढायचा. तिसऱ्या फेरीत तो नेहमीच जास्त असायचा. थकलं की शरीर जुन्या घरी जातं, हे मला वहीने शिकवलं. दोन्ही सराव एकाच दिवशी करणंही सोडलं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा पहाटे साडेपाचला एकच काहीतरी करायचं आणि घरी यायचं.

ह्यातून कराटेचं काय झालं, तेही सांगायला हवं. पहिलं वर्ष काता बिघडला. पण हिकिते कशासाठी, हा प्रश्न मला पहिल्यांदा रिंगमध्ये पडला. मी सेन्सेईंना, माझ्या कराटेच्या गुरूंना, विचारलं. त्यांनी माझं मनगट धरलं, ते स्वतःच्या कमरेकडे खेचलं आणि दुसरी मूठ माझ्या बरगडीपाशी आणून थांबवली. रिकामा हात मागे घ्यायचा नसतो, पकडलेला माणूस ओढायचा असतो. बॉक्सिंगमध्ये पकडायला मनाई आहे, म्हणून त्या हाताचं तिथलं काम वेगळं. अठरा वर्षांत जे नुसतं करत आले, ते त्या दिवशी समजलं.

पालक मला अल्फिया पठाणचं नाव सांगतात. आपल्या नागपूरची मुलगी, २०२१ मध्ये पोलंडला बॉक्सिंगची युवा जागतिक विजेती झाली, अभिमान वाटणारच. लव्हलिना बोरगोहेनचंही सांगतात, की ती आधी मुए थाय, म्हणजे थायलंडचं किकबॉक्सिंग, खेळायची. खरं आहे, पण पुढे तिने बॉक्सिंगच धरलं आणि टोकियोत कांस्य मिळवलं. तुमच्या मुलीला स्पर्धेतच उतरायचं असेल तर एक दिवस तिलाही निवडावं लागेल, आणि ते तिने निवडावं. तोवर दोन्ही करू द्या. फक्त एका बाबतीत मी हट्टी आहे : स्पॅरिंगची, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीची, घाई नको. बॉक्सिंगसाठी मी आधी जिथे जात होते तिथे तिसऱ्याच आठवड्यात मला रिंगमध्ये उतरवलं होतं. हात वर राहत नसताना डोक्यावर मार खाऊन काही शिकणं होत नाही, डोळे मिटायची सवय तेवढी लागते. ती मोडायला मला आणखी सहा महिने लागले. प्रगती हळू आहे म्हणून कुणी जास्त मार खायला लावत असेल, तर मुलीला घरी घेऊन या.

मागच्या महिन्यात क्लासमध्ये काता करत होते. मधल्या एका ठोशाला सेन्सेईंनी थांबवलं. माझी डावी मूठ कमरेशी नव्हती, हनुवटीपाशी होती. "हे काय?" ते म्हणाले. मी माफी मागून पहिल्यापासून काता केला, मूठ कमरेशी ठेवून, शेवटपर्यंत. रात्री घरी येऊन बॉक्सिंगच्या वहीत ती तारीख लिहून ठेवली.